मेण वाहणारे

सिरीनो, टॉवेल मानेभोवती दोनदा गुंडाळ.
एकदा नाही, दोनदा.
तुझ्या बापाने एकदाच गुंडाळला होता,
आणि कॉलरच्या आत शिरलेला तो एक ओघळ
तीस वर्षं झाली तरी
आरशासमोर दाढी करताना
त्याच्या मानेवरून अजून उतरत असतो.

कातानियात फेब्रुवारीच्या पाच तारखेला
माणसं आपल्या वजनाची मेणबत्ती खांद्यावर घेतात.
तुझं वजन एकसष्ट किलो.
मीच केलं, दवाखान्याच्या काट्यावर, बूट काढायला लावून.
नवस तुझ्या आईचा, खांदा तुझा,
रात्रपाळी माझी.

जळीत विभागात एकोणीस वर्षं झाली मला.
संत आगाथेवर माझा विश्वास आहे, शंका नको.
तिला निखाऱ्यांवर लोळवलं होतं म्हणतात;
भाजणं म्हणजे काय ते तिला ठाऊक आहे.
मेणाला ठाऊक नाही.
मेणाला नवस कळत नाही,
उतार तेवढा कळतो.

सगळे ज्योतीकडे पाहतात. तू ओघळाकडे पाहा.
झग्याच्या आत ते चकचकीत नायलॉनचं जाकीट नको,
थंडी वाजली तर वाजू दे.
जाकीट वितळलं की ते आणि तू
वेगळे करायला मलाच बसावं लागेल.
पुढच्याची मेणबत्ती कलली की मागे सर.
भक्तीत माघार चालते,
माझ्या खाटा मोजून चौदा आहेत.

आणि एवढं करूनही पडलंच अंगावर, तर ऐक.
उकळतं पाणी पडतं नि निथळून जातं.
मेण पाहुण्यासारखं येतं
आणि घरजावयासारखं राहतं.
ओढू नकोस. आधी नळ.
वाहतं पाणी, गार, वीस मिनिटं.
बर्फ नाही, लोणी नाही,
तुझ्या आजीची टूथपेस्ट तर नाहीच.

मागच्या वर्षी कॉन्चेत्तो आला होता, तो पावभट्टीवाला,
मूठ आवळून. उघडेचना.
उघडली तर नवस मोडतो, म्हणाला.
तासभर बसले त्याची मूठ पाण्यात धरून.
शेवटी मेण सुटलं, मोज्यासारखं अख्खं,
आणि आतल्या बाजूला
त्याच्या तळहाताच्या सगळ्या रेघा उलट्या उमटलेल्या.
टाकवेना मला. खिडकीत ठेवलं.
जूनच्या उन्हात त्याचं नशीब
गळून फरशीवर आलं. मग पुसलं.

*

पहाटेचे चार चाळीस.
बाहेर लाव्ह्याच्या काळ्या फरशीवर मेणाची साय,
तिच्यावर भुसा, भुशावरून घसरणाऱ्या स्कूटर.
ती फरशीही कधीकाळी ओघळच होती,
पण हे सांगायला आता वेळ कुठे आहे?
एक घोटा, दोन कोपरं,
एक वेणी अर्धी जळलेली, वास सगळ्या मजल्यावर.

आणि तू दारात.

टॉवेल दोनदा गुंडाळलेला आहे, पाहिला मी.
मान शाबूत. जाकीट नाही.
मग हात का लपवतोस?

गर्दीत कुणाचीशी पोरगी होती, म्हणतोस,
बापाच्या कडेवर झोपलेली,
वरून कुणाची तरी मेणबत्ती कलली,
आणि तू हातमोजा काढून
नाक पुसत होतास नेमका.
मधे हात घातलास तिच्या केसांवर, उघडा.
पोरगी जागीसुद्धा झाली नाही.
बापाने मागे वळून पाहिलं नाही.

दाखव. उघड.
पावट्याएवढा फोड, ऐन मध्यावर.

तुझी आई गेली तेव्हा तू सात वर्षांचा होतास,
नवस तिचा तेव्हापासून राहिलेला.
तळहाताच्या फोडासारखं जपलं पोराला,
असं लोक माझ्याबद्दल बोलायचे,
मला ते फक्त बोलणंच वाटायचं.
आता तुझ्याकडेही एक आहे.
फोडू नकोस. सुईच्या जवळपास जाऊ नकोस.
झोपताना उशीवर वेगळा ठेव.

रडायचं तर रड,
पण हात नळाखालून काढू नकोस.

अजून अकरा मिनिटं.